कापलेलं टोक

नेटची केबल घरीच करायची हौस. एक टोक जमलं, दुसऱ्यापायी चार कनेक्टर वाया घालवून मी विट्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराला फुरसत नव्हती. बाकावरच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं न विचारताच केबल माझ्या हातातून घेतली. उभी हयात केरळात सोनं गाळलेला माणूस.

आधी त्यांनी मांडीवर कागद पसरला. आठ तारा रंगाच्या क्रमानं चिमटीत सपाट केल्या, एका रेषेत कापल्या, कनेक्टरमध्ये सारून पक्कड दाबली. तांब्याचे बारीक तुकडे सवयीनं कागदात गोळा केले. केबल दुकानातल्या टेस्टरला लावली, तारेगणिक एक असे आठही दिवे लागले. मी खूश. तेवढ्यात त्यांनी ते टोक कचकन कापून टाकलं.

"आवं, चाललं हुतं की!" मी ओरडलो.

"माझं चाललं. त्येचा तुमास्नी काय उपेग? बसा हितं. करा."

मी केलं. सहाच दिवे लागले. त्यांनी नुसती कात्री पुढं केली. तिसऱ्या खेपेला आठही लागले.

परवा शेजारचे मास्तर केबल घेऊन आले. मी टोक बसवलं, आठही दिवे दाखवले आणि कात्री चालवली.

"अहो, चाललं होतं की!" मास्तर किंचाळले.

मी कागद त्यांच्या मांडीवर पसरला.