ओटी भरणारे हात

हातांवर कोडाचे डाग उठले तेव्हा मी आधी साबण बदलला, मग भांड्यांची पावडर, आणि तरी पसरले म्हणून नवऱ्याला दोष दिला. यांनीच माझं रक्त आटवलं. नाशिकच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. शरीराचे पहारेकरी रंग तयार करणाऱ्या आपल्याच पेशींना शत्रू समजून मारतात आणि त्यांना आवर घालणाऱ्या पेशी कमी पडतात. औषधाने पहारेकऱ्यांना शांत करायचं. स्पर्शाने हे कुणालाच होत नाही. मला सगळं पटलं, दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत.

कारण रविवारी मुलीचं डोहाळजेवण होतं, आणि शेजारीण म्हणाली होती, अशा दिवसांत जपलेलं बरं. या हातांनी ओटी भरली आणि बाळाला काही झालं तर? जाऊबाईंना सांगून टाकलं, "ओटी तुम्हीच भरा, माझे सांधे दुखतात." हे म्हणाले, "फी डॉक्टरांना आणि विश्वास शेजारणीवर."

शुक्रवारी सप्तशृंगीच्या गडावर गेले. नवस पायऱ्या चढण्याचा होता, गेले ट्रॉलीने. देवीलाही माझे गुडघे ठाऊक आहेत. पदर पसरून म्हटलं, आई, रविवारपर्यंत एवढे डाग ने. काही झालं नाही. डाग घेऊन बाहेर आले.

बाहेर एक पोटुशी मुलगी प्रसादाचा नारळ घेऊन उभी होती. बोलण्यावरून सटाण्याकडची.

"मावशी, मनी ओटी भरी द्या ना. मनी माय नही शे."

आईविना पोर. मी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "हे बघितलेस का, बाई?"

"दिखतस ना. मंग काय व्हयनं? भरा लवकर, मना पाय दुखतस."

तिने पदर पुढे केला. मी नारळ घातला, कुंकू लावलं. तिने माझा हात उचलून स्वतःच्या पोटावर क्षणभर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. एवढ्या बायकांत माझ्याकडेच का आली, हे मी विचारलं नाही. मला विचारावंसंच वाटलं नाही.

रविवारी जाऊबाईंच्या हातातलं ताट मागून घेतलं.

"आणि सांधे?"

"आज बरे आहेत."

ओंजळ इतकी भरून घेतली की निम्मे तांदूळ सतरंजीवर. मुलगी म्हणाली, "आई, थोडे मलाही राहू दे."

औषध चालू आहे. मनगटावर तिळाएवढे रंगाचे ठिपके उगवतात, कधी थांबतात. गडावर जाते, पण देवीला आता मुदत घालून देत नाही. त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हात जोडताना 'ती सटाण्याची आणि तिचं बाळ' एवढंच म्हणते. देवीला कळत असावं.