उजवी मूठ

देवीकडे मी चुकीचंच मागणं घेऊन गेले होते, ते आधी कबूल करते. बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. माझी सुमन दहा महिन्यांची होती आणि खुळखुळा असो की भाकरीचा तुकडा, सगळं डाव्या हातानं घ्यायची. पारोळ्याच्या आमच्या घरात सासूबाई म्हणायच्या, पोरीची जात, उद्या पंगतीत वाढणार कोणत्या हातानं? मीही खुळीच. तिच्या डाव्या हातावर चापट मारायची, तो फडक्यात बांधून ठेवायची. पोर हमसून रडायची आणि मग पदराआड मीही रडायची.

शेवटी तिला धुळ्याला एकवीरा आईच्या पायावर घालायला नेलं. हिची डाव्या हाताची खोड सोडव, एवढंच मागितलं. बाहेर ओटीचं सामान विकणाऱ्या एका म्हातारीनं सुमनपुढे झेंडूचं फूल धरलं. डावा हात पुढे आला, तशी मी तो झटकला. म्हातारीनं माझंच मनगट धरलं. मग फूल तिनं पोरीच्या उजव्या बाजूला नेलं. सुमन अख्खी वळली, पण घेतलं डाव्यानंच. उजवी मूठ छातीशी घट्ट मिटलेली.

"माय, आठे दख," म्हातारी त्या मुठीकडे बोट दाखवत म्हणाली, "हाई मूठ उघडस का कधी?"

दहा महिने न्हाऊमाखू घातलं आणि सारा वेळ डाव्या हातावर डोळे वटारत बसले. उजव्याकडे मी पाहिलंच नव्हतं. एवढं लहान मूल दोन्ही हातांनी घेतं, असं तिनं सांगितलं. तिच्या नातवाचं असंच होतं, पण घरात कळेपर्यंत तो चार वर्षांचा झाला आणि हात आखडून गेला.

"आजच डाक्टरले दखाड. येळ गमाडू नको."

तशीच सरकारी दवाखान्यात गेले. जन्मापासून उजवी बाजू कमजोर आहे, पण लवकर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. मूठ कशी उघडायची, बोटं कशी ताणायची, खेळणं उजव्या हाताशी कसं न्यायचं, सगळं त्यांनी शिकवलं. त्याच सासूबाई मग रोज कोमट तेल घेऊन बसायच्या आणि नातीचं एकेक बोट सोडवायच्या.

सुमन पाच वर्षांची झाल्यावर पुन्हा देवीला गेलो. म्हातारी तिथंच होती, तिला आम्ही आठवतही नव्हतो. सवयीनं तिनं फूल पुढे केलं. सुमननं उजवा हात नेला, बोटं हळूहळू उघडली आणि फूल खाली पडलं. मी वाकणार होते, पण स्वतःला आवरलं. पोरीनं ते त्याच हातानं उचललं आणि आत जाऊन आईला वाहिलं.

मग तिनं हात जोडले. उजवी बोटं थोडी वाकडीच राहिली. राहू देत. त्या दिवशी मी काहीच मागितलं नाही. काय द्यायचं ते आईला माझ्यापेक्षा बरं कळतं.