वन्संच्या हातच्या बांगड्या आणि माझा जळफळाट

लग्नसराईचा दिवस, यवतचं स्टँड माणसांनी फुललेलं... आणि मी नणंदेला घरात ठेवून, बाहेरून कडी लावून दुकानात आले. पंचवीसेक वर्षं झाली. कुणाला बोलले नव्हते, आज लिहूनच टाकते.

आधी दुकानाचं सांगते. आमचे हे गेले तेव्हा माझ्या पदरात दोन गोष्टी पडल्या... त्यांच्या फंडाचे पैसे आणि त्यांची बहीण.

शालन वन्संना कानात आवाज यायचे. एकट्याच बोलायच्या, दोन-दोन दिवस जेवायच्या नाहीत. सासरच्यांनी आणून सोडलं, नवऱ्यानं दुसरी केली आणि गाव वेडी म्हणून मोकळं झालं.

दौंडच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या. गोळी चुकवायची नाही, एकटं ठेवायचं नाही आणि हाताला काम द्या, असं बजावून सांगितलं. आता मी कंपनीत कामाला लागले तर यांना बघणार कोण? दुकान आपलं असलं तर कोपऱ्यात बसवता तरी येतं...

तेवढ्यात कळलं, स्टँडमागचे मणियार चाचा दुकान विकून लेकाकडं पुण्याला चाललेत. बांगड्यांचं दुकान. दीर म्हणाले, विधवा बाई बांगड्या विकणार, लोक काय म्हणतील? मी म्हणलं, भाऊजी, लोकांना काहीतरी म्हणायला नको का, त्यांचा पण वेळ जात नाही.

चाचांनी महिनाभर दोघींना शिकवलं. काचेची बांगडी चढवायची तर साबण लावून पंजा दाबायचा, अंगठ्याखालचं हाड हळूच आत घ्यायचं. घाई केली की फुटलीच. माझा जन्म घाईत गेलेला... पहिल्या आठवड्यात दीड डझन फोडल्या.

वन्संचा हात मात्र गोळ्यांनी संथ झालेला. त्यांच्याकडून एक फुटेना. चाचा कौतुकानं म्हणायचे, "इनके हाथ में बरकत है." माझ्याकडं बघून केरसुणी पुढं करायचे.

झालं, थोड्याच दिवसांत बायका आल्या की पहिला सवाल, शालनबाई आहेत का? पंजा त्यांच्या हातात दिला की बायका मोकळ्या व्हायच्या. सासूचं, नवऱ्याचं, जावेचं... सगळं. वन्सं नुसत्या ऐकायच्या. मला कुणी काही सांगायचं नाही, कारण मला सांगितलेलं सांजच्याला गावभर होतं हे सगळ्यांना ठाऊक.

आणि वर सवाष्ण! टाकलेली का असेना, नवरा जिवंत. ज्या बायका त्यांना बघून पोरं घरात घ्यायच्या, त्याच आता त्यांच्यापुढं हात धरून बसायच्या. दुकान माझं, दौंडच्या खेपा माझ्या... आणि मी गल्ल्यावर बसून कान लांब करायचे. लय जळायचे मी.

त्या दिवशी केंदूरची एक नवरी चुडा भरायला येणार होती. मी ठरवलं, हा चुडा मी भरणार. सकाळी वन्संना म्हणलं, डोळे जड दिसतात तुमचे, आज पडून राहा. डोळे काही जड नव्हते. उठून मागं येऊ नयेत म्हणून कडी लावली.

नवरी आली. मी साबण लावून तिचा हात धरला, तर तिच्या आईनं तो हळूच काढून घेतला.

"तुम्ही नका, बाई. वाईट वाटून घेऊ नका. सवाष्णीच्या हातनं भरू. शालनबाई कुठं हायेत?"

"मावशी, इतकी वर्षं दाढीवाल्या चाचांच्या हातनं भरल्या. ते कुठं सवाष्ण होते?"

सगळे हसले. मावशी पण हसल्या. हात मात्र परत दिला नाही. "आम्ही थांबतो की," म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

गेले मग घरी पाय आपटत. कडी काढली, तर वन्सं दाराशीच उभ्या. वेणी घातलेली, पायात चपला. कधीपासून उभ्या होत्या देव जाणे. चेहरा पांढराफटक.

"सासरी बी अशीच कडी लावायची समदी," त्या म्हणाल्या. "मी काय केलं, वैनी?"

माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या वेळी खोटं बोलायची हिंमत झाली नाही. म्हणलं, "तुम्ही काय न्हाई केलं, वन्सं. बायका तुम्हालाच इचारत्यात. मी जळते तुमच्यावर."



"माझ्यावर?"

"व्हय."

"तू? माझ्यावर जळतीस?"

आणि हसल्या. गालातल्या गालात नाही, पदर तोंडाला लावून, डोळ्यात पाणी येईस्तोवर. या घरात आल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. लोक त्यांना भ्यायचे, नाहीतर कीव करायचे... त्यांच्यावर जळणारी मीच पहिली.

दुकानापर्यंत तेच चाललं होतं. नवरीचा हात हातात घेतला आणि हिरवी बांगडी चढवता चढवता म्हणाल्या, "आमची वैनी माझ्यावर जळती, बरं का." मावशींना कुठं बघावं कळेना. माझे कान तापले, पण मान डोलावली. खरंच होतं ते.

घरी गेल्यावर पहिली ती कडी उपटून काढली. दाराला भोकं राहिली, राहू दे म्हणलं.

आता वन्संचे केस पांढरे झालेत. गोळी चालू आहे, अधूनमधून दिवस वाईट जातात. नवऱ्या अजून त्यांच्यापुढंच बसतात आणि मी गल्ल्यावर. दुकान बंद करताना त्या हळूच विचारतात, "आज जळलीस का, वैनी?"

"लय जळले," मी सांगते. मग त्या गोळी घेतात आणि पोटभर जेवतात.