नाल्याकाठच्या आत्ती

रिकामी भिंत आणि रिकामा माणूस या दोन गोष्टी आमच्या हिच्या आत्यांना जन्मात कधी सहन झाल्या नाहीत. आमच्याकडं कोल्हापुरात आत्याला आत्ती म्हणतात. त्यामुळं त्या आधी हिच्या आत्ती, मग माझ्या आत्ती, आणि गेल्या काही वर्षांत नाल्याकाठच्या अख्ख्या वसाहतीच्या आत्ती झाल्या. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा बाकीच्या पाहुण्यांनी माझी नोकरी विचारली, गाव विचारलं. आत्तींनी मात्र माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि "शिडी धरायला बरा हाय," असा निकाल दिला. मला वाटलं, बाईंचा विनोद असेल. पण जावई म्हणून मी त्यांच्या घरी जितका पाटावर बसलोय, त्याच्या दसपट शिडीखाली उभा राहिलोय.

आत्ती एका शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. यजमानांनी फार पूर्वी स्वस्तात मिळाल्या म्हणून नाल्याकाठच्या वसाहतीत दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या. आत्ती सरळ तिथं राहायला गेल्या. वसाहत म्हणजे गुळाच्या मार्केटातले हमाल, फौंड्रीतले कामगार, घरोघरी भाकरी थापायला जाणाऱ्या बायका. एका अंगाला नाला, मधोमध उकिरडा, आणि रिक्षावाले कोपऱ्यावरच "हितनं चालत जावा पावणं," म्हणून मोकळे होणार. पुण्याचा मुलगा न्यायला आला, तर आत्ती म्हणाल्या, "पुण्यात भिंतीला नुसता हात लावला तरी सोसायटीची मिटिंग भरतीया. मी हितंच ऱ्हातो." कोल्हापूरच्या बायका 'राहते' म्हणत नाहीत, 'राहतो' म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आत्तींच्या तोंडी तो 'तो' आला की पुढं बोलायची कुणाची छाती होत नसे. मुलगा जेवला आणि परत गेला.

सगळ्यात आधी त्यांनी उकिरडा उठवला. अर्ज नाही, मोर्चा नाही. सकाळी एक खुर्ची आणि छत्री घेऊन त्या उकिरड्याच्या मधोमध जाऊन बसायच्या, शेजारी चहाची किटली. कुणी कचऱ्याची बादली घेऊन आलं की, "ये, बस. आधी च्या घे, मग टाक." आता समोर एक म्हातारी बाई कप पुढं करून बसलेली असताना तिच्या पायाशी माशांची खवलं कोण ओतणार? लोक चहा पिऊन बादली तशीच घेऊन परत जायचे. काहींनी तर चहासाठी रिकामी बादली आणायला सुरुवात केली. शेवटी कचऱ्याची गाडी वसाहतीच्या तोंडाशी येऊ लागली, आणि मोकळ्या झालेल्या जागेकडं बघून आत्ती म्हणाल्या, "आता खड्डं काढा."

झाडं लावायला सगळेच येतात, पाणी घालायला कुणी येत नाही. यावर आत्तींनी काढलेला उपाय कुठल्या तज्ज्ञाला सुचला नसता. त्यांनी प्रत्येक घराला एक रोप दिलं आणि त्या रोपाला त्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव ठेवलं. करंज म्हणजे दगडूअण्णा, जांभूळ म्हणजे हौसाक्का, बहावा म्हणजे कुणाचे तरी बापूमामा. मग रोज भल्या सकाळी भर गल्लीत उभं राहून त्यांचा पुकारा चालायचा: "अरं, तुझा बाप वाळायलाय तिकडं आणि तू मोबाईल बघत बसलाईस व्हय!" बाप वाळतोय म्हटल्यावर कोण बसून राहील? वसाहतीत नवा आलेला पोस्टमन एकदा "धावा, हौसाक्काला शेरडानं खाल्लं!" एवढं ऐकून सायकल टाकून पळत आला आणि जांभळाच्या कुरतडलेल्या रोपापुढं मटकन बसला. आत्तींनी त्याला आधी पाणी पाजलं आणि मग, बसलाच आहे म्हणून, कुंपणाला काट्या बांधायला लावल्या.

भिंतींची कथा वेगळी. भिंतीवर कुणी थुंकू नये म्हणून देवाच्या फरश्या बसवायची आपल्याकडं रीत आहे. वसाहतीतल्या लोकांनीही तेच सुचवलं. आत्ती भडकल्या. "देवाला राखणीला बसवतासा व्हय? त्याला दुसरी कामं न्हाईत?" त्यांनी भिंतीवर वसाहतीतलीच माणसं काढली. डोक्यावर गुळाची ढेप घेतलेला हमाल, फौंड्रीतनं काळाठिक्कर होऊन आलेला माणूस, पोत्यावर बसून लसूण सोलणाऱ्या तिघी जावा. "आता थुंक की," त्या म्हणायच्या, "ज्याच्यावर थुंकशील, त्यो सांजच्याला घरी येतोय." भिंती स्वच्छ राहिल्या. रंग कुठला? शहरात कुठंही बंगला रंगवायला काढला की आत्ती फाटकातनं आत शिरायच्या आणि उरलेले डबे मागून आणायच्या. त्यामुळं आमचा हमाल कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या पिस्ता रंगात उभा आहे. हमालाच्या मिशा त्यांनी जरा जास्तच झुपकेदार काढल्या. त्याच्या बायकोनं तक्रार केली, तर आत्ती म्हणाल्या, "चित्र बदलायचं न्हाय. ह्याला वाढवायला सांग." त्यानं खरंच वाढवल्या. दारात रोज रांगोळी घालणाऱ्या बायकांना त्यांनी सांगितलं, "तीच रांगोळी आता भिंतीवर काढा, म्हणजे सांजच्याला झाडून टाकाय लागणार न्हाय." बायका आधी लाजल्या, मग शिडीसाठी भांडायला लागल्या.

सगळ्यात देखणं चित्र शेवंताचं होतं. शेवंता दहा घरी भाकरी करून एकटीनं दोन लेकरं वाढवत होती. चित्रात ती चुलीपुढं बसून भाकरी थापतीय आणि जाळामुळं तिचा चेहरा तांबूस उजळलाय. बाहेरची माणसं फोटो काढायला येऊ लागली, पहिल्यांदा ती त्याच चित्रासाठी. रिक्षावाले कोपरा सोडून आत येऊ लागले. आत्ती ऐटीत फिरायच्या.

पण ती भिंत होती भाड्याच्या खोल्यांची, आणि खोल्यांचा मालक राहायचा शहरात. एका सकाळी तो मोटारीतून उतरला. फोटोसाठी लागलेली रांग पाहून खूश झाला, आणि खूश झालेल्या मालकाला जे सुचतं तेच त्याला सुचलं. भाडं वाढणार असल्याचा निरोप संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्यांत पोचला. शेवंता आत्तींकडं आली. "आत्ती, मला न्हाय झेपणार. मी लेकरांस्नी घिऊन कबनूरला भावाकडं जातो. त्यो तिथं कापडाच्या मागावर हाय, काय तरी काम लागंल." आत्तींनी तिला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "चित्र काढताना ह्ये मला सुचाय पायजे हुतं."

मालक पुढच्या खेपेला आला, तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. मला वाटलं होतं, नवं चित्र आहे. आत्ती शिडीवर चढलेल्या, हातात मोठा ब्रश, आणि बादलीत काळा रंग.

"बाई, काय करतायसा?" मालक म्हणाला.

"रंग काढायलोय. भाडं कशाचं वाढवलासा? पाणी वाढलं? छप्पर बदललं? संडासाचं दार बसवलं? न्हाय न्हवं? मग रंगाचंच वाढवलं की. रंग गेला की भाडं खाली येईल."

"अवो, भिंत माझी हाय!"

"भिंत तुमची, चित्र माझं. भिंत घिऊन जावा की, कोण नगं म्हणतंय?"

आणि त्यांनी खरंच ब्रश फिरवला. चुलीवर, लाकडांवर, शेवंताच्या लुगड्याच्या काठावर एक जाड काळा पट्टा ओढला गेला. गल्ली जमली होती. शिडी थरथरत होती. मी घट्ट धरली, मग लक्षात आलं, थरथरत शिडी नव्हती, आत्ती होत्या. त्यांनी ब्रश पुन्हा बुडवून वर नेला, चेहऱ्यापर्यंत, तेवढ्यात शेवंता रडत पुढं आली आणि तिनं त्यांचे पाय धरले. "आत्ती, नगा. मी जातो की कबनूरला. ऱ्हाऊ दे तेवढं."

"तू गेल्यावर ह्याचं मी काय करू?" आत्ती म्हणाल्या.

मिशीवाला हमाल मालकाकडं वळून म्हणाला, "बोला की मालक. समदी थांबल्याती." मालकानं त्या काळ्या पट्ट्याकडं पाहिलं, मग माणसांकडं. "ऱ्हाऊ दे," तो पुटपुटला, "हाय त्येच भाडं ऱ्हाऊ दे. उतरा बाई खाली, पडशीला." आत्ती उतरल्या. मग त्यांनी त्यालाही चहा पाजला, आणि तो पिता पिता छपराचे पत्रे बदलून देण्याचंही कबूल करून घेतलं. गडी चहा पिऊन गेला तेव्हा त्याला नक्की काय झालं हे कळलं नसावं.

सगळंच जिंकलं असं मी म्हणणार नाही. कोपऱ्यावरच्या दोन खोल्या पुढं रिकाम्या झाल्या, तेव्हा त्या वाढीव भाड्यानंच गेल्या. पण शेवंता आहे, लेकरं शाळेत जातात, आणि तिनं चित्रावरचा काळा पट्टा कुणालाही पुसू दिलेला नाही.

शेवंताचा भाऊ बहिणीला भेटायला आला तेव्हा भिंतीपुढं बराच वेळ उभा राहिला. "आमच्या कबनूरला अशी एक तरी गल्ली करून द्या की," म्हणाला. आत्तींनी दुसऱ्या आठवड्यात बोचकं बांधलं. "हितं आता माझी गरज न्हाय," त्या म्हणाल्या. ही रुसली, मी गुडघ्यांची आठवण करून दिली, काही उपयोग झाला नाही. मीच त्यांना गाडीनं सोडून आलो. मागांचा खडखडाट इतका की निरोपाचं बोलणंही नीट ऐकू आलं नाही. त्यांनी हात हलवला आणि त्या गल्लीत शिरल्या.

परवा सहज नाल्याकाठी गेलो होतो. करंजाची सावली आता रस्त्याच्या पलीकडं जाते. शेवंता पाणी घालत होती. "कसं चाललंय?" मी विचारलं.

"बेस हाय, भाऊजी. कोण सांगाय लागत न्हाय आता, समदी आपापलं पाणी घालत्याती." मग बादली खाली ठेवून म्हणाली, "पर आत्ती गेल्यापास्नं गल्लीला सकाळची जाग उशिरा येती बघा."