एकही फोन न येण्याचा दिवस

देसाईबाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला सांगितलं तेव्हापासून काहीतरी चुकेल या धास्तीने तीन कागद फाडले. हा चौथा.

बाईंची ओळख झाली ती शिव्या खाताना. मी दिंडोशीत पालिकेचा चावीवाला होतो, म्हणजे रस्त्यातलं झाकण उघडून, लांब चावीने आतला व्हॉल्व्ह फिरवून वसाहतींना पाणी सोडणारा. एके पहाटे पाणी कमी आलं आणि सगळी वसाहत माझ्यावर तुटून पडली. बाई नवीनच राहायला आल्या होत्या. त्या कपभर चहा घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "ही चावी किती फेरे फिरवावी लागते हो?" इतक्या वर्षांत ते कोणी विचारलं नव्हतं. त्या चहाची चव अजून आठवते.

पुढे बाईंनी वसाहतीच्या वाचनालयात संगणकाचे मोफत वर्ग चालवले. माझी नात सायली तिथेच शिकली. कॉलेज संपल्यावर तिला दोन नोकऱ्या चालून आल्या. एक सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटची, दुसरी डेटा इंजिनिअरिंगची. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मला जेवण जाईना. तिला न सांगता मी बाईंकडे गेलो.

"बाई, तिला सॉफ्टवेअरच घ्यायला सांगा. ॲप केलं तर चार लोकांना दाखवता येतं. डेटाचं काय दिसणार?"

बाई हसल्या. "काका, ॲप म्हणजे घरातला नळ. डेटा इंजिनिअर त्या नळापर्यंत स्वच्छ पाणी पोचवतो. तुम्ही काय करत होतात?"

"म्हणूनच सांगतो ना! पाणी आलं तर कोणी नाव घेत नाही. नाही आलं तर आईबाप काढतात."

"सायलीला विचारलंत, तिला काय आवडतं ते?"

विचारलंच नव्हतं.

घरी जाऊन विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, वर्गात सगळे स्क्रीन सजवायचे. मला बाईंनी दिलेल्या अर्धवट याद्या जुळवायला मजा यायची. तुमच्यावर गेलेय, काय करणार!" तिने डेटाचं काम घेतलं. बाईंनी शेवटपर्यंत हे घे, ते घे असं सांगितलं नाही.

ती मालाडच्या ऑफिसातून आली की मी रोज घाबरत विचारतो, "आज काय झालं गं?" परवा चप्पल काढता काढता म्हणाली, "काही नाही. तक्रारीचा एकही फोन आला नाही." चावीवाल्याचा याहून चांगला दिवस नसतो.

बाईंना उदंड आयुष्य लाभो. हल्ली त्यांचा गुडघा दुखतो, त्याची मला फार काळजी लागते. त्यांच्या तब्येतीचेही सगळे दिवस असेच जावोत, कोणाला फोन करावा न लागता.