ऊर्मीच्या निबंधाचं दुसरं पान

कॅनडात हॅमिल्टनच्या एका शाळेत जुलिएट नागावकर बारावीच्या पोरांना कॉलेजचं इंग्रजी लेखन शिकवायच्या. शाळा पोरांची, अभ्यास कॉलेजचा. पास झालं की कॉलेजातला एक विषय आधीच खिशात पडायचा, म्हणून पोरं यायची. नाहीतर मिशी फुटायच्या आत पोक्त निबंध लिहायची हौस कुणाला असते?

बाईंचे नियम थोडे, पण कडक. जे घडलं नाही ते कागदावर यायचं नाही. आणि लिहायचं ते वर्गातच, हातानं. हल्ली यंत्राला नुसतं सांगितलं की ते बसल्या जागी निबंध ओकतं, म्हणून. लिहून झालं की कागद बाईंच्या पिशवीत. "माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही," असं वचन त्यांनी वर्गाला दिलेलं. सुरुवात, तीन मुद्दे आणि शेवट, असा पाच परिच्छेदांचा निबंध कुणी आणून दिला की त्या तो परत करायच्या. "हा नुसता डबा झाला. आत जेवण कुठंय?"

ऊर्मी त्या वर्गात होती. बाईंच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर ती आणि तिची आई वनिता राहायच्या. बाप बळवंत आदल्या हिवाळ्यात गेला. ग्वेल्फला फॅक्टरीत कामाला निघाला होता, नोव्हेंबरातल्या पहिल्याच बर्फात गाडी घसरली. बर्फावर पकड धरणारे विंटर टायर बसवायचे राहिले होते. गॅरेजवाल्यानं तारीखच उशिराची दिली, असं ऊर्मीनं तेव्हा सांगितलं. घरातले इंग्रजी फोन करायचं काम तिचंच.

वनिता हॉस्पिटलात साफसफाईला जायची. सांगलीकडची बाई, बोलायला मोकळी. पण नवरा गेल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्या सकाळी बळवंत म्हणाला होता, "आज नको जायला, रस्ता बरा दिसत नाही." आणि ही म्हणाली होती, "बर्फ काय तुमच्या एकट्यासाठी पडलाय व्हय? उठा." बेसमेंटमध्ये कपडे धुवायला उतरली की मशीनच्या घरघरीत ती जुलिएटबाईंना हेच परत परत सांगायची. "मीच ढकललं हो त्यांना, बाई."

आणि पोरगी? पोरगी आईशी बोलायची ते 'ओके', 'फाइन' आणि 'लेटर'. जेवणाचं ताट घेऊन खोलीत जायची आणि दार लावायची.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी वनिता वर आली. बाई स्वयंपाकघरात होत्या, पिशवी टेबलावर, आणि पिशवीतनं 'एक हिवाळा' या विषयावरचे वर्गातले निबंध डोकावत होते.

"ऊर्मीचा हाय का ह्यात?" वनितानं विचारलं. "काय लिहिती हो ती? माझ्याशी तर बोलत न्हाई. चार ओळी तरी मराठीत सांगा की."

आता शुक्रवारची गोष्ट अशी. नागावकर ज्यू. त्यांचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घाणा गेला, कोकण सुटलं, शनिवार तेवढा कॅनडापर्यंत सोबत आला. शुक्रवारी दिवा लागला की बाई शाळेच्या कागदाला हात लावत नसत. आणि इथला हिवाळ्यातला सूर्य म्हणजे कामचुकार नोकर, दुपार सरते न सरते तोच घरी पळतो.

"जुलिएट," नवरा सॅम आतून ओरडला, "तुझे निबंध संपेपर्यंत सूर्य थांबायचा नाही हं!"

"तोंड मिटून वाती कर तू," बाई म्हणाल्या.

वचन त्यांना आठवलं नाही असं नाही. पण ऊर्मीचं पहिलं पान त्यांनी शाळेत चाळलं होतं, आणि ते सगळं आईवरच होतं. लेकरानं केलेलं आईचं कौतुक आईला सांगितलं, तर त्यात वचन कसलं मोडतं? उद्या संध्याकाळपर्यंत थांबायला सांगावं, तर ही उपाशी बाई दारात उभी. पुढची पानं न वाचताच त्यांनी कागद उचलला आणि इंग्रजी वाचत वाचत मराठी सांगायला लागल्या.

आईच्या हातांना फिनेलचा वास येतो, तरी भाकरी थापताना ते हात देवळातल्यासारखे दिसतात. बाबांच्या टाचा थंडीनं फुटायच्या, तर आई त्यांच्या पायांना तेल लावून वर मोजे चढवायची आणि म्हणायची, "जावा आता, नवरदेव." वनिता पदर तोंडात धरून ऐकत होती.

पान उलटलं.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: बाबांचं इंग्रजी मान हलवण्यापुरतं होतं, फोन मी करायचे. टायरसाठी गॅरेजला फोन कर, असं ते मला रोज सांगत होते. एक दिवस मी म्हटलं, केला, डिसेंबरची तारीख मिळाली. मी फोन केलाच नव्हता.

हे मात्र बाईंनी मनातल्या मनात वाचलं.

"थांबलात का?" वनिता म्हणाली. "पुढं काय लिहिलंय? त्या सकाळचं हाय का?"

खिडकीबाहेर उजेड पिवळा पडत चालला होता. बाई कागदाकडे बघत राहिल्या आणि ज्यांनी जन्मभर पोरांना न घडलेलं एक वाक्य लिहू दिलं नाही, त्या सांगायला लागल्या. "लिहिलंय की… बाबा जिन्यात बूट घालत होते. हसून म्हणाले, तुझी आई बरोबर बोलते गं. घरी बसून काय करू? आणि म्हणाले, संध्याकाळी पिठलं करायला सांग तिला."

"असं म्हणाले?" वनितानं डोळे पुसले. "रागावून नव्हते गेले व्हय?"

"नाही. हसत गेले."

वनिता खाली बसून मनसोक्त रडली. मग उठली, बाईंच्या पायांना हात लावला आणि गेली. सॅमनं दिवा पुढे केला. बाईंनी तो लावला, डोळ्यांवर हात घेतले, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ते तसेच ठेवले.

शनिवारी संध्याकाळी आभाळात तारे दिसल्यावर त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. तिसऱ्या पानावर थोडंच लिहिलं होतं. आई स्वतःला दोष देते आणि जेवत नाही. दोष माझा आहे हे मला तिला सांगायचं आहे. मराठीत सांगायचं आहे, पण एवढं मराठी माझ्याकडे नाही. म्हणून आधी इंग्रजीत लिहून बघते. मिसना मराठी येतं.

रविवारी बाई खरं सांगायचं मनाशी ठरवून खाली गेल्या. दार उघडलं तर घरभर पिठल्याचा वास. बळवंतच्या फोटोला ताजा हार. वनिता ताटावरून उठून आलेली, बोटांना पिठलं तसंच.

"बसा बाई, जेवा. किती दिसांनी भूक लागली बघा!" ती म्हणाली. "ऊर्मीला विचारलं मी, खरंच असं म्हणाले का गं बाबा? तर तिनं बघितलं माझ्याकडं, आणि 'हो आई' म्हणाली. मराठीत म्हणाली!"

ऊर्मी आतल्या दारात उभी होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. दोन घास खाल्ले, पिठलं छान झालंय म्हणाल्या आणि वर आल्या.

सोमवारी वर्ग रिकामा झाल्यावर ऊर्मी बाकावरच बसून राहिली.

"यू प्रॉमिस्ड, मिस."

"चुकलं माझं. मी आईला खरं काय ते सांगते. आजच सांगते."

"नो." पोरीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "शी इज ईटिंग. रात्री झोपते पण. तुम्ही आता सांगितलं तर बाबा परत रागावून गेले असं होईल. आणि मी पण खोटं बोलले, 'हो आई' म्हटलं."

"मग तू सांग. मी शेजारी बसते. मराठी मी सांगते तुला."

"काय सांगू? तुमच्या स्टोरीत मी फोनच केला नाही, असं कुठेच नाही. माझं खरं कुठे ठेवू मी आता?"

पोरीनं हात पुढे केला. बाईंनी तिन्ही पानं दिली. तिनं ती नीट घडी करून फाडली, पुन्हा घडी करून फाडली, आणि वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

त्यानंतर ऊर्मी वर्गात यायची, पहिल्या रांगेत बसायची, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची. आईशी आता ती थोडं बोलायची, असं वनिता सांगायची. काय बोलायची? "पिठलं छान आहे म्हणते. बाबांची आठवण काढते. जिन्यातली गोष्ट मी सांग म्हटलं की सांगते." हे ऐकलं की बाई मशीनमधले कपडे उगाच खालीवर करायच्या.

शेवटच्या परीक्षेत विषय खुला होता. ऊर्मीनं लिहिलं, गाडीला विंटर टायर का आणि कसे बसवावेत. सुरुवात, तीन मुद्दे, शेवट. पहिला मुद्दा, तापमान. दुसरा, रबराचा मऊपणा. तिसरा, गॅरेजची वेळ आधी घेण्याचं महत्त्व. पाच परिच्छेद, एक स्वल्पविराम चुकलेला नाही, आणि माणूस एकही नाही. कॉलेजनं गुण द्यायचं जे मोजमाप लावून दिलं होतं, त्यात तो निबंध काठोकाठ बसला. बाईंना एक गुण कापायला जागा मिळाली नाही. त्यांनी पूर्ण गुण दिले आणि सही केली.

निकालाच्या दिवशी वनिता पेढे घेऊन वर आली. गालांवर जरा मांस चढलं होतं तिच्या.

"पयला नंबर आला म्हणं माझ्या पोरीचा! तुमचीच कृपा, बाई." तिनं पेढा बाईंच्या तोंडापाशी नेला. "ह्या खेपेला काय लिहिलं हो तिनं? बाबांचंच?"

"नाही," बाई म्हणाल्या. "गाडीचे टायर कसे बदलायचे, ते."

वनिता हसता हसता थांबली. पेढा हातातच राहिला.

"मग त्या गॅरेजवाल्याला वाचायला द्या की तेवढं," ती म्हणाली. "मेल्यानं वेळेवर तारीख दिली असती, तर…" आणि पदरानं नाक पुसून तिनं पेढा बाईंच्या तोंडात घातला. बाईंनी तो गिळला.