सिराजुद्दीनची गुरुवारची सहल

सहली काढणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. बोलतात फार, दाखवतात कमी. सिराजुद्दीन त्यातला नव्हता. आखातात, अल-खोबरला तो एका कंपनीची व्हॅन चालवायचा आणि गुरुवारच्या सुट्टीला, कफीलला, म्हणजे तिथल्या मालकाला सांगून, आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना तारूत बेटावर फिरवून आणायचा. सकाळी होड्या एकमेकींना बांधून पाण्यावरच मासळीबाजार भरतो तो बघायचा, मग खजुराच्या बागेत डबे खायचे आणि दुपारी घरी.

दोन हजार सहाच्या जानेवारीत मी आणि माझे यजमान रत्नाकर गेलो, तेव्हा व्हॅनमध्ये आम्ही दोघंच होतो. धुकं इतकं की बाकीच्यांनी आयत्या वेळी अंग काढून घेतलं.

सिराजुद्दीन दाभोळ खाडीकडचा. वाटेत त्याने आपणहून सांगितलं की त्याचा धाकटा भाऊ जलाल इथेच कोळंबीच्या होडीवर होता. सात वर्षांपूर्वी अशाच धुक्यात होडी परत आली, जलाल आला नाही. मयतही मिळाली नाही. तेव्हापासून सिराजुद्दीन दर गुरुवारी त्या धक्क्यावर जातो, आणि एकट्याने जायला धीर होत नाही म्हणून बरोबर माणसं नेतो. म्हणजे आपण नुसतं निमित्त, हे कळल्यावर मला जरा रागच आला. पण पुढचं ऐकलं आणि तो ओसरला. गावी जलालची बायको कुबरा हिला एक चांगलं स्थळ आलं होतं. काझी म्हणाले होते, आखातात असलेल्या थोरल्या भावाने शब्द द्यावा की शोधला, सापडला नाही, मग निकाहाला हरकत नाही. तो फोन आज दुपारी करायचा होता.

धक्क्यावर माणसं कमरेपासून वर दिसत होती. खाली नुसतं पांढरं. भाव ओरडणाऱ्याचा आवाज एकीकडून यायचा आणि मासळीची टोपली दुसरीकडूनच पुढे व्हायची. रत्नाकर हामूर मासा घेण्यात रमले. मला मात्र तिथून निघावंसं वाटत होतं, आणि कशामुळे ते सांगता येत नव्हतं.

सिराजुद्दीन कोणाचं तोंड बघत नव्हता. तो जाळी उचलून बघत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, जलाल डावखुरा, त्याची गाठ उलटी बसते. शिवाय त्यांच्या घरात फाटलेलं जाळं सांधताना शेवटचं एक घर मुद्दाम मोकळं सोडतात. त्यातून निसटेल तो मासा दर्याचा. ही रीत गावातही दुसऱ्या कोणाची नाही.

शेवटच्या होडीत ताडपत्रीखाली एक जाळं होतं. त्याने ते ओढलं आणि त्याचे हात थांबले. मी वाकून बघितलं. हातभर जागा नव्या दोऱ्याने सांधलेली होती, गाठी सगळ्या उलट्या, आणि कडेला एक घर मोकळं.

होडीवरचा चितगावचा खलाशी हिंदीत सांगू लागला. धुक्यामुळे होडी चार दिवस हललेली नाही. जाळं काल संध्याकाळपर्यंत फाटलेलं होतं. सांधलं कोणी ते त्याला ठाऊक नव्हतं. असं अधूनमधून होतं म्हणाला, आणि फुकटात काम होतंय तर विचारतो कोण. मी त्या जागेला हात लावला. बाकी जाळं कोरडं खडखडीत होतं, तेवढाच तुकडा ओला आणि बर्फासारखा गार होता. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी मी तो हात नंतर तीनदा धुतला.

रत्नाकर म्हणाले, याचा अर्थ भाऊ जिवंत आहे, इथेच कुठेतरी लपलाय, पोलिसांत जाऊ या. सिराजुद्दीनने जाळं नीट घडी घालून ताडपत्रीखाली ठेवलं आणि आम्हाला ठरल्याप्रमाणे बागेत नेलं. तिथे पाटाला पाणी होतं, पण त्याचाही आवाज येत नव्हता. डब्यातल्या पोळ्या तशाच राहिल्या. नमाज पढून आल्यावर त्याने आमच्यासमोरच मोबाइल लावला.

"कुबरा, मी शोधला. नाय मिळाला. तू निकाह कर."

पलीकडे ती रडत असावी.

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. डोळ्यांनी बघून आलात आणि तिच्याशी खोटं बोललात, असं मी तोंडावर म्हटलं. उद्या तो दारात उभा राहिला तर त्या बाईने काय करायचं, हेही विचारलं.

तो चिडला नाही. चपला पाटाच्या कडेला झटकत म्हणाला, "ताई, जिता असंल तर सात वर्सांत एक फोन केलान नाय. मेला असंल तर येऊन जाळी सांधतोय. दोन्हीकडून तो तिच्याकडं गेलाच नाय. मग तिनं कोणासाठी बसायचं?"

रत्नाकर हळूच म्हणाले, आता तुमच्या गुरुवारच्या फेऱ्या संपल्या म्हणायच्या.

"तिचं वाट बघणं संपलं," सिराजुद्दीन म्हणाला. "माझा तो भाऊ हाय."